निराळ्या पाटीतली कॉफी

आमच्या पिढीच्या घरांत कॉफी ही पाहुण्यांची, आजाऱ्यांची आणि परीक्षेसाठी रात्र जागवणाऱ्या मुलांची वस्तू होती. दूध उकळीला आले की त्यात साखर पडे, साखरेमागून चमचाभर पूड पडे आणि अखेरीस सहाणेवर उगाळलेले जायफळ पडे. आणि या चौघांच्या मिलाफातून जो उबदार, गोडसर, किंचित गुंगी आणणारा दरवळ स्वयंपाकघरातून माजघरापर्यंत येई, त्यालाच आम्ही कॉफीचा वास समजत असू. त्या दरवळात कॉफीचा वाटा किती आणि जायफळाचा किती, याची वाटणी करण्याची गरज कोणाला कधी भासली नाही.

मला ती प्रथम भासली एका फजितीमुळे. काही वर्षांपूर्वी परदेशी नोकरीस असलेल्या भाच्याने शंभर ग्रॅमचे एक पाकीट भेट म्हणून आणले. पाकिटावर पनामा देशाचे आणि कुठल्याशा मळ्याचे नाव होते, आणि ‘मामा, ही नीट करून प्या,’ एवढेच सांगून तो आपल्या उद्योगाला निघून गेला. ‘नीट’ या शब्दाचा आमच्या घरी जो अर्थ रूढ होता त्याबरहुकूम मी त्या दाण्यांची मिक्सरमध्ये पूड केली, ती सायीच्या दुधात उकळली, आणि जायफळाच्या बाबतीत तर नेहमीपेक्षा हात अधिकच सढळ ठेवला. कॉफी उत्तम झाली. म्हणजे जायफळ उत्तम लागले. संध्याकाळी परतलेल्या भाच्याने पेला नाकाशी नेला, क्षणभर थांबला, आणि लहानपणी पानातली कारल्याची भाजी ज्या मुद्रेने तो संपवीत असे त्याच मुद्रेने, चकार शब्द न काढता, तो पेला संपवला. पाकिटाची किंमत मला आठवड्याने कळली, आणि भाच्याच्या सौजन्याची थोरवीही त्याच क्षणी कळली.

अशी फजिती वाचकांच्या वाट्यास येऊ नये, आणि मुळात अशा महाग जिनसावर पैसे खर्चावेत की खर्चू नयेत याचा निर्णय त्यांना डोळसपणे करता यावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे. परंतु ती कॉफी कशी करावी हे समजण्यापूर्वी ती दुर्मिळ कशामुळे झाली हे समजणे अगत्याचे आहे. कारण मागाहून जे नियम सांगावयाचे आहेत ते सगळे त्या एका कारणातूनच निघतात.

कुळकथा

पनामाच्या पश्चिम टोकास, कोस्टा रिकाच्या सरहद्दीनजीक, चिरिकी नावाच्या प्रांतात बारू हा सुमारे ३,४७४ मीटर उंचीचा ज्वालामुखी उभा आहे, आणि त्याच्या पूर्वेकडील उतारावर बोकेते हे गाव वसले आहे. तेथे १९६७ साली रुडॉल्फ पीटरसन या स्वीडनमध्ये जन्मलेल्या अमेरिकी बँकरने, ज्याच्या हाती त्या काळी बँक ऑफ अमेरिकेसारख्या बलाढ्य पेढीची सूत्रे होती, उतारवयाची सोय म्हणून ‘आसिएन्दा ला एस्मेराल्दा’ ही जमीन खरेदी केली. एस्मेराल्दा म्हणजे पाचू. पुढे त्याचा मुलगा प्राइस आपला शास्त्रज्ञाचा पेशा सोडून सहकुटुंब तेथे राहावयास गेला. आरंभी भर होता तो गुराढोरांवर आणि दुधावर, कॉफीचा व्याप मागाहून वाढत गेला, आणि १९९० नंतरच्या दशकात हारामियो नावाच्या उंचावरील भागात आणखी जमीन घेण्यात आली.

या नव्या जमिनीत ‘कोंबड्याचा डोळा’ अशा अर्थाच्या स्पॅनिश नावाने ओळखला जाणारा बुरशीचा रोग आला, आणि तो झाडामागून झाड निष्पर्ण करीत असता काही उंच, शेलाटी, विरळ फांद्यांची झाडे मात्र त्यातून बचावल्याचे पीटरसन कुटुंबाच्या ध्यानात आले. ती गेशा वाणाची होती. या नावाचा जपानमधील नर्तिकांशी काडीचाही संबंध नाही. एथिओपियाच्या नैर्ऋत्येस गेशा नावाचा जो मुलूख आहे त्या बाजूच्या रानांतून १९३० नंतरच्या दशकात हे बियाणे गोळा झाले, टांगानिकातील ल्यामुंगू येथील संशोधन केंद्रात गेले, तेथून १९५३ साली कोस्टा रिकामधील तुर्रिआल्बाच्या संशोधन संस्थेत टी २७२२ या क्रमांकाने दफ्तरी दाखल झाले, आणि पानांवरील तांबेऱ्यास दाद देत नाही या एका गुणामुळे १९६० नंतर पनामातील बागाइतदारांना वाटण्यात आले. परंतु फांद्या ठिसूळ, उत्पन्न तुटपुंजे, आणि सखल जागी लावली तर चवही बेताची, अशा तीन दोषांमुळे बागाइतदारांनी तिची फारशी पर्वा केली नाही. कोठे कुंपणाच्या कडेला, कोठे दुसऱ्या वाणांच्या रांगेत ती झाडे उभी राहिली, आणि त्यांची फळे तोडणीच्या वेळी इतर फळांबरोबर एकाच पाटीत पडत राहिली.

२००४ साली प्राइस यांचा मुलगा डॅनियल याने एक साधी तजवीज केली: मळ्याच्या निरनिराळ्या भागांतील फळे एकत्र न करता प्रत्येक भागाची फळे वेगळी तोडावयाची, वेगळी वाळवावयाची आणि वेगळी चाखावयाची. मळ्याच्या कॉफीत मधूनच लिंबूवर्गीय फळांची जी एक पुसट झाक जाणवत असे, तिचा उगम त्यामुळे या गेशा झाडांत सापडला. त्याच वर्षी ‘बेस्ट ऑफ पनामा’ या स्पर्धेत त्या झाडांच्या कॉफीचा नमुना गेला, परीक्षकांनी त्याला पहिले स्थान दिले, आणि लिलावात त्याला पौंडामागे २० डॉलरांहून अधिक, म्हणजे त्या काळी विक्रमी ठरलेला, भाव मिळाला.

या हकिकतीतील खरी मेख अशी, की ती झाडे काही २००४ साली पनामात आली नव्हती. ती चाळीस वर्षे तेथेच उभी होती. कोकणातल्या एखाद्या बांधावर असामान्य चवीचा रायवळ आंबा असावा, आणि त्याची फळे वर्षानुवर्षे हरजिनसी पाटीत भरून बाजारी जात राहावीत, तशातलाच तो प्रकार होता. नवीन घडले ते इतकेच, की एका कुटुंबाने ती फळे निराळ्या पाटीत टाकली. निसर्गाने दिलेली दुर्मिळता माणसाने निराळे ठेवले तेव्हाच प्रत्ययास आली. आणि हे निराळेपण तोडणी, धुणी, वाळवणी आणि भाजणी या साऱ्या टप्प्यांतून निभावून आपल्या घरी आल्यावर ते मोडावयाचे की राखावयाचे, एवढाच काय तो प्रश्न आपल्यापुढे उरतो.

भावाविषयी दोन शब्द

या मळ्याच्या एका खेपेस २०१७ साली लिलावात पौंडामागे ६०१ डॉलर मिळाले. २०२५ सालच्या लिलावात त्याच कुटुंबाच्या धुतलेल्या गेशाचा २० किलोंचा एक लहानसा हिस्सा किलोमागे ३०,२०४ डॉलरांस गेला. भाजताना दाण्याचे वजन सुमारे पंधरा टक्क्यांनी घटते हे जमेस धरले, तर अशा कॉफीच्या एका पेल्यात नुसत्या कच्च्या दाण्याचेच सुमारे ५३० डॉलर विरघळलेले असतात. हे आकडे विस्मयासाठी ठीक आहेत, खरेदीच्या हिशेबासाठी नव्हेत. लिलावात मानचिन्ह म्हणून घेतला जाणारा माल निराळा, आणि त्याच वाणाचा जो माल ग्रॅमाग्रॅमाच्या पाकिटांतून सामान्य गिऱ्हाइकापर्यंत येतो तो निराळा. दुसऱ्याची किंमतही रोजच्या कॉफीच्या अनेक पट असते, पण ती एखाद्या हौशी माणसाच्या वार्षिक चैनीत बसू शकते. किंमत नेहमी पेल्याच्या हिशेबाने पाहावी. एका पेल्यास १५ ग्रॅम लागतात, म्हणजे १०० ग्रॅमच्या पाकिटात सहा पेले होतात आणि चिमूटभर दाणे उरतात. पाकिटाच्या किमतीस सहाने भागून जो आकडा येईल, तो एका चांगल्या नाटकाच्या तिकिटाएवढा असेल तर खुशाल घ्यावे. त्याहून फार मोठा असेल तर दोन मित्रांत मिळून घ्यावे. पाव किलो मात्र पहिल्या खेपेस कधीही घेऊ नये, कारण ते संपेपर्यंत त्यातील जीव निघून जातो.

पाकिटाचा सातबारा

जमीन घेताना शहाणा माणूस जसा विक्रेत्याच्या गोड बोलण्यावर न जाता सातबाराचा उतारा मागतो, तसा पाकिटावरचा मजकूर वाचावा. देश आणि गाव, मळ्याचे नाव, मळ्यातील नेमका भाग, झाडाचा वाण, समुद्रसपाटीपासूनची उंची, दाण्यावर केलेली प्रक्रिया, पिकाचे वर्ष आणि भाजल्याची तारीख, असे आठ रकाने भरलेले असतील तर दस्तऐवज पक्का समजावा. यांपैकी भाजल्याची तारीख नसेल तर इतर सात रकाने सोन्याच्या शाईने लिहिलेले असले तरी पाकीट परत ठेवावे.

वाणाच्या रकान्यात नुसते ‘गेशा’ पाहून हुरळू नये. पनामातील यशानंतर हे वाण कोलंबिया, कोस्टा रिका, ग्वातेमाला अशा अनेक देशांत लावले गेले आहे, आणि लावणारे सगळेच कुशल आहेत किंवा सगळ्यांच्याच जमिनी उंचावर आहेत असे नाही. उंचीचा रकाना म्हणूनच महत्त्वाचा आहे. गेशाचे खरे गुण साधारण १,६०० मीटर आणि त्यावर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या शिखराएवढ्या उंचीवर, प्रकट होतात. कारण थंड हवेत फळ सावकाश पिकते आणि दाण्यात साखर व सुगंधी द्रव्ये साठण्यास अवधी मिळतो. उलट, नुसते मळ्याचे नाव पाहूनही भुलू नये. एस्मेराल्दाच्या नावाने ‘डायमंड माउंटन’ म्हणून जी कॉफी विकली जाते ती कातुआई वाणाची आहे. ‘प्रायव्हेट कलेक्शन’ ही अनेक भागांतील गेशा एकत्र करून केलेली आहे. आणि ‘एस्मेराल्दा स्पेशल’ ही निवडक भागांची, वेगळी राखलेली आहे. तिघींचे माहेर एकच, परंतु तिघींच्या भावांत मोठे अंतर आहे, आणि लबाड दुकानदार पहिलीस तिसरीचा भाव लावू पाहील.

प्रक्रियेच्या रकान्यात बहुधा ‘वॉश्ड’ किंवा ‘नॅचरल’ असे लिहिलेले असते. पहिल्या प्रकारात फळाचा गर काढून, दाण्यावरील बुळबुळीत थर आंबवून सुटा करून, दाणा धुऊन वाळवितात. दुसऱ्यात सबंध फळच उन्हात वाळवितात, त्यामुळे गराची गोडी आणि आंबूसपणा दाण्यात उतरतो. ज्यास वाणाची मूळ चव समजून घ्यावयाची आहे त्याने आरंभ धुतलेल्यापासून करावा; त्यात झाड बोलते, प्रक्रिया मध्ये फारशी बोलत नाही.

राहता राहिला ‘कौटुंबिक मळा’ हा शब्द. तो पाकिटावर छापण्यास कोणतीही सनद लागत नाही. मालक कुटुंब असले म्हणजे मजुरास योग्य मोबदला मिळतोच असे नव्हे. बोकेतेच्या मळ्यांवर फळे तोडतात ते बहुतांशी एन्गाबे या मूळ रहिवासी जमातीचे लोक, आणि पिकलेले तेवढेच फळ हेरून तोडण्याचे त्यांचे कसब नसते तर पुढचे सारे कौशल्य पाण्यात गेले असते. म्हणून ज्या विक्रेत्यास मळ्याविषयी विचारले असता तोडणी कोण करतो, कच्च्या मालाचा भाव काय दिला, माल थेट घेतला की दलालामार्फत, याची सरळ उत्तरे देता येतात, त्याच्याकडून खरेदी करावी. कुटुंब या शब्दाचे मोल त्यातील जिव्हाळ्यात कमी आणि जबाबदारीत अधिक आहे: माल वाईट निघाला तर कोणाच्या दारात जावयाचे हे तेथे ठाऊक असते.

आधी जिभेची तालीम

ज्याने दुधाविना कॉफी कधी घेतलीच नाही त्याने एकदम गेशाच्या वाटेस जाऊ नये. अशा माणसास ती पातळ, चहासारखी आणि थोडी आंबट लागेल, आणि आपण फसलो अशी त्याची खात्री होईल. तालमीसाठी परदेशी जाण्याचे कारण नाही. बाबा बुदन यांनी सतराव्या शतकात अरबस्तानातून सात बिया आणून ज्या डोंगरांत रुजवल्या असे परंपरा सांगते, त्या चिकमगळूरच्या परिसरात आजही पिढ्यान्‌पिढ्या एका कुटुंबाकडे असलेले अनेक मळे आहेत. सिल्व्हर ओक आणि फणस यांच्या सावलीत, मिरीच्या वेलांच्या शेजारी वाढलेली त्यांची अरेबिका कॉफी आता मळ्याच्या नावानिशी, भाजल्याच्या तारखेनिशी मिळू लागली आहे. आपल्या महाराष्ट्रातही, अमरावती जिल्ह्यातील चिखलदऱ्याच्या पठारावर, थोडीशी कॉफी पिकते, हे पुष्कळांच्या गावीही नसते. अशा एखाद्या मळ्याची हलकी किंवा मध्यम भाजलेली, चिकोरीविरहित कॉफी महिनाभर दुधासाखरेवाचून प्यावी. आठवड्याभरात कडवटपणाच्या आड दडलेला गूळ, बदाम, संत्र्याची साल यांची ओळख पटू लागते. आणि ती पटली म्हणजे जीभ गेशाच्या दरबारात उभी करण्यास हरकत नाही.

घरी आल्यावर

दाणे नेहमी अखंड घ्यावेत. दळलेल्या कॉफीचा सुगंध काही तासांत ओसरू लागतो, मग ती कितीही उंच डोंगरावरची असो. हलक्या भाजणीचा दाणा भाजल्याबरोबरही वापरू नये. त्यात कोंडलेला वायू बाहेर पडण्यास दहा ते चौदा दिवस लागतात, आणि तोवर चव बंदिस्त राहते. त्यानंतरचे चार ते सहा आठवडे हा त्याचा सुगीचा काळ.

या काळात त्याला उजेड, हवा, ओल आणि परका वास या चौघांपासून दूर ठेवावे. मूळ पाकीट घट्ट मिटून एखाद्या हवाबंद डब्यात घालावे आणि डबा शेगडीपासून लांबच्या फडताळात ठेवावा. पुष्कळ गृहिणी मोलाची वस्तू म्हणून ती प्रेमाने फ्रिजमध्ये ठेवतात. त्यासारखा घात नाही. फ्रिजमध्ये ओल असते, कालची लसणाची चटणी असते, चिरलेला कांदा असतो, आणि भाजलेला कॉफीचा दाणा हा वास शोषण्याच्या कामी टीपकागदाहून वरचढ असतो. फार दिवस ठेवावयाचीच झाली तर पंधरा-पंधरा ग्रॅमच्या हवाबंद पुड्या करून त्या थेट फ्रीझरच्या कप्प्यात ठेवाव्यात, आणि एकदा काढलेली पुडी पुन्हा आत ठेवू नये.

दळण्याच्या बाबतीत आपल्या आजीचे शहाणपण उपयोगी पडते. मिक्सरची पाती दाणा तोडतात, जाते दाणा दळते. तोडलेल्या दाण्यात निम्मे पीठ आणि निम्म्या कण्या असतात. पिठातून कडवटपणा आधी उतरतो आणि कण्यांतून आंबटपणा तेवढा उतरतो, त्यामुळे एकाच पेल्यात दोन तक्रारी एकत्र नांदतात. शिवाय मिक्सरच्या भांड्यात गरम मसाल्याचा जो वास वर्षानुवर्षे मुरलेला असतो तो निराळाच. जात्याच्या तत्त्वावर चालणारी, दोन दातेरी चकत्यांमध्ये दाणा भरडणारी छोटी हातचक्की बाजारात मिळते. अशा कॉफीचे दुसरे पाकीट घेण्याआधी ती घ्यावी, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. भरड जाड रव्याएवढी असावी.

पाण्याचा विचार सहसा कोणी करीत नाही, वास्तविक पेल्यातील शंभरांपैकी अठ्ठ्याण्णव भाग पाणीच असते. बोअरच्या जड पाण्यात कॉफीचा नाजूक आंबटपणा मरतो आणि ती खडूसारखी लागते. उलट आरओ यंत्रातून निघालेल्या, जवळजवळ क्षारहीन पाण्यात चव धड उतरतच नाही, कारण दाण्यातील रस ओढून घेण्यास थोडे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम लागते. लिटरमागे दीडशे मिलिग्रॅमच्या आसपास विरघळलेले क्षार असणे या व्यवसायात इष्ट मानतात. यंत्रावर हा आकडा दिसत असेल तर आरओच्या पाण्यात नळाचे उकळलेले, गाळलेले पाणी थोडे थोडे मिसळून तो साधता येतो. पाण्याचे तापमान ९२ ते ९६ अंश असावे. मुंबईत पाणी शंभर अंशांवर उकळते, पुण्यात सुमारे ९८ वर, आणि महाबळेश्वरी त्याहूनही कमी. तेव्हा मुंबईकराने उकळी उतरवून मिनिटभर थांबावे, पुणेकराने अर्धा मिनिट, आणि महाबळेश्वरकराने थांबूच नये.

कृती

साधने चार: ग्रॅम दाखवणारा वजनकाटा, शंकूच्या आकाराचे गाळणे आणि त्याचा कागद, लांब तोटीची किटली, आणि घड्याळ. कागद गाळण्यात बसवून त्यावर प्रथम नुसते गरम पाणी ओतावे, म्हणजे कागदाचा वास निघून जातो आणि खालचे भांडेही तापते. ते पाणी फेकून द्यावे. मग १५ ग्रॅम भरड घालून ती हलक्या हाताने समतल करावी. एकंदर पाणी २४० ग्रॅम वापरावयाचे, म्हणजे कॉफीच्या सोळापट. त्यापैकी ४५ ग्रॅम प्रथम ओतून सगळी भरड भिजली आहे ना हे पाहावे आणि चाळीस सेकंद स्वस्थ बसावे. या वेळी ती फुगून वर येते, बुडबुडे सोडते, आणि जो पहिला सुगंध दरवळतो तो घेण्यासाठी घरच्या मंडळींस आधीच बोलावून ठेवावे. त्यानंतर मध्यापासून बाहेर अशी वर्तुळे काढीत, बारीक धारेने, सव्वा मिनिटापर्यंत १५० ग्रॅमचा आणि दोन मिनिटांपर्यंत २४० ग्रॅमचा टप्पा गाठावा. सगळे पाणी तीन मिनिटांच्या सुमारास गळून जावे.

पेला तोंडास झोंबणारा, कच्चा आणि पाणचट लागला तर भरड थोडी बारीक करावी. कडू आणि जिभेवर तुरट कोरड आणणारा लागला तर थोडी जाड करावी. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. भरड, पाणी आणि तापमान तिन्ही एकदम बदलणाऱ्याची गत, तीन वैद्यांची औषधे एकदम घेणाऱ्या रोग्यासारखी होते. बरे वाटले तरी कशाने, हे त्यास कळत नाही.

ज्यांस ही सामग्री जमवावयाची नाही त्यांनीही निराश होऊ नये. व्यापारातील परीक्षक स्वतः ज्या रीतीने कॉफी चाखतात तिला कसलेच यंत्र लागत नाही. एका रुंद वाडग्यात ११ ग्रॅम भरड घालून तीवर २०० ग्रॅम गरम पाणी ओतावे, चार मिनिटे हात लावू नये, मग वर आलेली साय चमच्याने तीनदा मागे सारावी, तो वास घ्यावा, वरचा फेस काढून टाकावा, आणि गाळ तळाशी बसला म्हणजे वरचे पाणी चमच्याचमच्याने, मोठा आवाज करीत सुरकावे. शिष्टाचारास हे धरून नाही. परंतु चव त्यामुळे टाळूपर्यंत पसरते, आणि घरात आपण एकटेच असताना शिष्टाचार कोणासाठी पाळावयाचा?

स्टीलच्या दाक्षिणात्य फिल्टरमध्ये ही कॉफी करू नये. ते पात्र दाट अर्कासाठी, चिकोरीसाठी आणि गाईच्या दुधासाठी जन्मले आहे, आणि त्या कामात त्याला तोड नाही. त्यास गेशा देणे म्हणजे पखवाज्यास तंबोरा छेडावयास सांगणे होय.

पेला हातात घेतल्यावर

वाफाळती कॉफी घाईने पिणे हा आपला जुना परिपाठ आहे. तो येथे सोडावा लागतो. कढत असताना जिभेस फक्त उष्णता कळते. चार-पाच मिनिटांनी जेव्हा पेला हातात सुखाने धरवतो तेव्हा प्रथम जाईच्या फुलांचा वास येतो, मागून ईडलिंबाच्या सालीचा, आणि चांगल्या खेपेत गवती चहाचीही एक लकेर उमटते. कोमट झाल्यावर पिकल्या पीचची, क्वचित पपनसाची गोडी पुढे येते. कॉफीचा नेहमीचा काळा, धुरकट भारदस्तपणा शोधू जाल तर सापडणार नाही. ही कॉफी जिभेवर चहासारखी हलकी बसते. पेला रिकामा झाल्यावरही लगेच विसळू नये, त्याच्या तळाशी मधासारखा वास बराच वेळ रेंगाळतो. यांपैकी एकही वास तुम्हांस आला नाही तर लाजू नये आणि आल्याचे सोंगही करू नये. दुसऱ्या दिवशी त्याच रीतीने पुन्हा करावी आणि शेजारी नेहमीच्या कॉफीचा पेला ठेवावा. दोन पेले जवळ असले म्हणजे नाकास फरक सांगावा लागत नाही.

पाहुण्यांस देताना लहान पेल्यांत द्यावी आणि किंमत सांगू नये. किंमत कळली की पाहुणा चव घेण्याऐवजी कौतुक करू लागतो. सोबत चिवडा, बाकरवडी किंवा वेलदोड्याचा शिरा ठेवू नये. खावयाचे असेल ते अर्धा तास आधी किंवा नंतर द्यावे. साखरेची बशी मात्र एका बाजूस असू द्यावी, कारण एखाद्या वडीलधाऱ्या माणसाने ती मागितली तर नाही म्हणणे हा कॉफीपेक्षा मोठा अपराध होईल.

गेल्या वर्षी भाचा पुन्हा आला तेव्हा त्याच्या हाती पुन्हा तसलेच एक पाकीट होते, परंतु या खेपेस त्याने काही सांगितले नाही; मीच काटा, चक्की आणि कागद मांडून बसलो. पहिले पाणी पडताच भरड फुगली, आणि जो वास आला तो त्याने आणि मी दोघांनी एकदमच ओळखला. जायफळाची डबी त्या सकाळी मी मुद्दाम वरच्या कप्प्यात ठेवून दिली होती. संध्याकाळी पाऊस आला, आणि भाच्यानेच स्टुलावर चढून ती खाली काढली. ‘मामा, आता आपली नेहमीची होऊ द्या,’ असे म्हणून त्याने कोपऱ्यातली सहाण पुढे ओढली.